साडीच्या आधी पासबुक बघ

दिवाळीत गावातल्या निराधार आज्यांना साड्या-फराळ वाटायचं ठरवलंस, चांगलंच आहे. पण पहिल्या फेरीला रिकाम्या हातानं जा. ओसरीवर बस, कोरा चहा आला तर तोही घे, आणि आजीला कागदांची पिशवी दाखवायला सांग. बहुतेकींची पत्र्याच्या पेटीत असते.

पासबुकात शेवटची नोंद कधीची? 65 च्या वरच्या निराधार बाईला श्रावणबाळ, त्याआतल्या विधवेला संजय गांधी निराधार योजना, अशी सरकारची महिन्याची पेन्शन असते. 2023 मध्ये हजाराचे महिना 1500 रुपये झाले. पैसे थांबले असतील तर कारण बहुधा साधंच निघतं: हयातीचा दाखला राहिला, नाहीतर खात्याला आधार जोडलेलं नाही. आधारवर वयच कमी लागलं असेल तर मात्र चिवट दुखणं. तहसीलच्या चकरा आल्याच.

जन्मभर निंदण आणि कापूसवेचणी करून बोटांच्या रेषा झिजतात. रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही. दुकानदाराशी हुज्जत घालू नको; दुसरी बोटं लावून बघ, नाहीच जमलं तर आजीला आधार केंद्रावर घेऊन जा.

साडीचा रंग तिलाच विचार. विधवा म्हणून फिकीच नेतात लोक, मला ते पटत नाही. आणि रांगेत उभं करून फोटो नको. लेक-सुनेला ते लागतं, मग बोलणी म्हातारीलाच खावी लागतात.

सोबत आशाताईला, म्हणजे गावच्या आरोग्याचं बघणाऱ्या आशा सेविकेला, ने. कोणाच्या घरी चूल पेटत नाही, हे तिला सरपंचापेक्षा जास्त ठाऊक असतं.