स्कॉटलंडच्या जुन्या पबमध्ये एवढं काय असतं? न पिणाऱ्यांनी जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आई-बाबांना घेऊन एडिंबरा बघायला चाललाय, तिघांपैकी कुणीच पीत नाही, त्यात बाबा शाकाहारी. आणि जो तो सांगतोय की जुन्या पबमध्ये गेल्याशिवाय परत येऊ नका. मग त्या अंधाऱ्या लाकडी खोलीत बघण्यासारखं काय आहे, खरा जुना पब ओळखायचा कसा, आणि न पिणाऱ्याने तिथे बसून करायचं काय?

जा, बिनधास्त जा. मी नोकरीनिमित्त एडिंबरात राहतो. माझ्या घरात दारूची बाटली सापडायची नाही, पण पबमध्ये जाणं चुकत नाही. आपल्याकडे पब म्हटलं की एक तर कानठळ्या बसवणारं संगीत आठवतं, नाहीतर काळ्या काचांची परमिट रूम. इथल्या जुन्या पबमध्ये दुपारी तीन वाजता गेलात तर पेपर वाचणारे आजोबा दिसतील, टेबलाखाली झोपलेलं कुत्रं दिसेल, सूप पीत बसलेल्या दोन बायका दिसतील. तुमच्या आई-बाबांकडे कुणी वळून बघणारही नाही.

आता त्या खोलीत काय असतं ते. लोक ज्या उबदार वातावरणाचं कौतुक करतात ते सजावट म्हणून कुणी उभं केलेलं नाही, आणि माझ्या मते गंमत तिथेच आहे. त्यातलं बरंचसं लपवाछपवीतून आणि सरकारी जाचातून आलंय. एकोणिसाव्या शतकातला स्कॉटलंड एकीकडे मनसोक्त पिणारा, दुसरीकडे चर्चच्या धाकातला. 1853 मध्ये फोर्ब्स मॅकेंझी कायदा आला आणि रविवारी पब बंद, इतर दिवशी रात्री अकराला बंद, असा नियम झाला. रविवारी दारू मिळायची ती फक्त हॉटेलात, तीही ‘खऱ्या प्रवाशाला’. मग काय, लोक शेजारच्या गावापर्यंत तंगडतोड करत जायचे, हॉटेलच्या वहीत प्रवासी म्हणून सही ठोकायचे आणि प्यायला बसायचे. पबना रविवारी उघडायची मुभा मिळाली ती थेट 1976 च्या कायद्याने, म्हणजे आपल्या आई-बाबांच्या पिढीत.

या सगळ्यात प्रतिष्ठित गिऱ्हाइकाची पंचाईत. त्याला प्यायचं तर असे, पण आपल्या हाताखालच्या कारकुनाच्या नजरेला पडायचं नसे. उलट परवाना देणाऱ्या मॅजिस्ट्रेटांना आडोसे अजिबात नको होते, बारमनला प्रत्येक कोपरा दिसलाच पाहिजे असा त्यांचा हट्ट. या ओढाताणीतून स्कॉटिश पबची रचना घडली. खोलीच्या मधोमध बेटासारखं काउंटर, म्हणजे बारमनला चारी बाजूंना लक्ष ठेवता यावं. आणि जिथे जमेल तिथे चोरून ठेवलेले आडोसे.

हे अगदी जवळून बघायचं असेल तर न्यूइंग्टन भागातल्या लेस्लीज बारमध्ये जा. 1899 मधला पब, वास्तुरचनाकार पी. एल. हेंडरसन. आत शिरल्यावर महोगनीच्या काउंटरवर एका बाजूने लाकूड आणि काचेचा उंच पडदा उभा दिसतो. त्या पडद्यात ओळीने छोट्या छोट्या खिडक्या, हुबेहूब जुन्या रेल्वे स्टेशनवरच्या तिकीट खिडकीसारख्या. तुम्ही वाकून खिडकीतून ऑर्डर द्यायची, पलीकडून हात येतो, ग्लास येतो, सुटे पैसे येतात. बारमनचा चेहरा दिसतो न दिसतो, आणि पलीकडच्या साध्या बाजूला उभ्या असलेल्या लोकांना तर तुम्ही दिसतच नाही. वर छताला प्लास्टरची नक्षी आहे, ती मान वर करून जरूर बघा. एखाद्या समाजाची अख्खी लाज लाकडात कोरून ठेवलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. आज तिथे लपायची कुणालाच गरज नाही, पण पडद्याआडच्या त्या बाजूला बसलं की आवाज मऊ होतो, माणसं हळू बोलायला लागतात.

टोलक्रॉसला किंग्ज थिएटरच्या शेजारी बेनेट्स बार आहे, तिथे हीच गोष्ट दुसऱ्या रूपात दिसेल. दारातून शिरताच एक इवलीशी खोली लागते, चार-पाच माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतील एवढीच. हिला स्नग म्हणतात. आतूनच बारकडे उघडणारी खिडकी, त्यामुळे मुख्य खोलीत पाऊलही न टाकता पेय हातात. ती रिकामी मिळाली तर आई-बाबांना तिथेच बसवा. मुख्य खोलीत भिंतभर आरसे, रंगीत काचा, काही टेबलांच्या पृष्ठभागावर बसवलेले एडिंबराचे नकाशे, आणि काउंटरवर पितळेच्या छोट्या तोट्या. त्या व्हिस्कीत पाणी घालायला आहेत. व्हिस्कीत पाणी घालणं म्हणजे पाप, हे आपल्याकडचं खूळ आहे. इथले जाणते लोक खुशाल चार थेंब घालतात.

थाटच बघायचा असेल तर वेव्हर्ली स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर कॅफे रॉयल. इमारत 1863 ची, आणि बांधली होती चक्क गॅस आणि नळ-मोरीच्या सामानाची शोरूम म्हणून! आतल्या भिंतीवर डॉल्टन कंपनीची टाइल्सवर रंगवलेली मोठी चित्रं आहेत: जेम्स वॅट, बेंजामिन फ्रँकलिन, मायकेल फॅरडे असे शोधक आपापल्या कामात गढलेले. 1886 मध्ये शहरात भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनात ही चित्रं मांडली होती. 1960 च्या दशकात शेजारच्या वूलवर्थ्स दुकानाला वाढीसाठी ही जागा हवी होती. गावकऱ्यांनी सह्या गोळा केल्या, आरडाओरडा केला आणि इमारत वाचली. इथे तुम्ही नुसती कॉफी मागितली तरी चालतं.

पण सगळंच गोड मानू नका. हा जिव्हाळा बराच काळ फक्त पुरुषांसाठी होता. ॲबर्डीनच्या ‘द ग्रिल’ या देखण्या पबमध्ये बायकांना मज्जाव होता. 1973 मध्ये समोरच्या सभागृहात कामगार संघटनांचं अधिवेशन भरलं होतं, तेव्हा त्यातल्या स्त्रिया सरळ आत घुसल्या. पेय मिळालं नाही ते नाहीच. 1975 चा लिंगभेदविरोधी कायदा आल्यावर दार उघडलं, आणि बायकांसाठी स्वच्छतागृह बांधायला 1998 उजाडलं. जुन्या पबच्या आठवणींनी गहिवरणारे लोक हे सोयीस्करपणे गाळतात.

खरा जुना पब ओळखायचा कसा? पाटीवरच्या सालाने तर नाहीच. ‘सर्वांत जुना’ असल्याचा दावा करणारे पब स्कॉटलंडमध्ये पैशाला पासरी आहेत. आर्थर्स सीट टेकडीच्या पायथ्याशी डडिंग्स्टन गावात शीप हीड इन आहे, ते आपलं मूळ 1360 पर्यंत नेतं. आजची इमारत काही तेवढी जुनी नाही, पण जागा सुरेख आहे, मागच्या बाजूला जुनी स्किटल्स (चेंडूने लाकडी खुंट्या पाडायचा खेळ) खेळायची गल्ली आहे, आणि 2016 मध्ये राणी एलिझाबेथ तिथे जेवून गेल्या. रॉयल माइलवरचा डिकन ब्रोडीज टॅव्हर्न ज्याच्या नावाने चालतो तो विल्यम ब्रोडी दिवसा प्रतिष्ठित सुतार आणि रात्री घरफोड्या, 1788 मध्ये फाशी गेला. गोष्ट झकास आहे, पण गर्दी पर्यटकांची. तेव्हा साल सोडा आणि बारमनच्या पाठीमागचं बाटल्यांचं लाकडी मखर बघा, ज्याला इथे गँट्री म्हणतात. काउंटर आणि छत बघा. ही तिन्ही एका काळातली वाटली आणि भिंतीवर मोठा टीव्ही नसला, तर खुशाल बसा.

एडिंबराबाहेर पडणार असाल तर डमफ्रीजचं ग्लोब इन सोडू नका. 1610 पासूनचं हे ठिकाण कवी रॉबर्ट बर्न्सचा अड्डा. त्याची खुर्ची अजून ठेवलेली आहे. तीत बसायला मिळतं, पण बसलात तर त्याच्या कवितेची ओळ म्हणून दाखवायची, नाही जमली तर उपस्थित सगळ्यांना पाजायचं. बाबांना एखादी ओळ आधीच पाठ करायला लावा. खिशाला परवडेल.

आता खाण्यापिण्याचं. बहुतेक पबमध्ये टेबलावर कुणी विचारायला येत नाही. काउंटरशी जायचं, मागायचं, तिथेच पैसे द्यायचे. चुटक्या वाजवणं, नोट हलवणं अगदी वाईट दिसतं. कोण आधी आलं हे बारमनच्या बरोबर लक्षात असतं. न पिणाऱ्यांसाठी लिंबाचा रस घातलेला सोडा किंवा आयर्न-ब्रू हे भगवं, गोड, स्थानिक पेय. आईंना थंडी वाजत असेल तर कलन स्किंक मागवा, धुरावलेला हॅडॉक मासा, बटाटा आणि दुधाचं दाट सूप. मासे चालत असतील तर यासारखं दुसरं काही नाही. बाबांसाठी शाकाहारी हॅगिस. मूळ हॅगिस म्हणजे मेंढीचं काळीज, यकृत, फुप्फुस आणि ओट्स. पण 1984 मध्ये एडिंबराच्या मॅकस्वीन या खाटिकाने कडधान्यं, भाज्या, बिया आणि ओट्स घालून बिनमांसाचं हॅगिस बनवलं, आता ते जवळपास सगळीकडे मिळतं. मिरपूड सढळ हाताने असते, आपल्या जिभेला लागतं. सोबत सलगमासारख्या कंदाचा आणि बटाट्याचा लगदा येतो.

तुम्हाला स्वतःला चव बघायचीच असेल तर अर्धा ग्लास ‘एटी शिलिंग’ मागा. पूर्वी पिंपाच्या भावावरून बिअरला नावं पडली, जेवढी कडक तेवढे शिलिंग जास्त. फक्त गाडी भाड्याने घेणार असाल तर चालवणाऱ्याने थेंबही घेऊ नये. 2014 पासून इथली मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे, 100 मिलिलीटर रक्तात 50 मिलिग्रॅम. एका पेल्यानेसुद्धा घोटाळा होऊ शकतो.

संगीत ऐकायचं असेल तर फॉरेस्ट रोडवरचा सँडी बेल्स. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती फिडल, बासरी, ॲकॉर्डियन घेऊन माणसं बसतात आणि आपापसात वाजवतात. स्टेज नाही, तिकीट नाही. वाजवणाऱ्यांच्या जागा ठरलेल्या असतात, तिथे बसू नका, आणि चाल चालू असताना मोठ्याने बोलू नका.

पुतण्या-भाची वगैरे अठराच्या आतलं कुणी सोबत असेल तर दारातच विचारून घ्या. काही पबना मुलांचा परवाना नसतो, काहींत संध्याकाळी ठरावीक वेळेनंतर मुलांना थांबू देत नाहीत. आणि आई-बाबांना घेऊन जायचं तर मधल्या वारी, दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान. शुक्रवारी संध्याकाळी हेच पब असे तुंबतात की स्नग सोडाच, कोट अडकवायलाही जागा मिळत नाही.