आरओचं मेंब्रेन: वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच आरओबद्दल (रिव्हर्स ऑस्मोसिस, म्हणजे दाबानं पाण्यातले क्षार वेगळे करणारं शुद्धीकरण यंत्र) होती, म्हणून सगळा स्तंभ त्यालाच दिला आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

कँडलच्या फिल्टरनं खारं पाणी गोड होत नाही, आरओनं होतं. दोन्हीकडे पाणी गाळलंच जातं ना? आणि हा शोध कुणाचा? (सोलापूर)

‘गाळणं’ या शब्दानंच इथे घोटाळा होतो. कँडल गाळ अडवते, कारण गाळाचे कण तिच्या भोकांपेक्षा मोठे असतात. पाण्यात विरघळलेलं मीठ म्हणजे सुटे झालेले आयन. ते पाण्याच्या रेणूपेक्षा फारसे मोठे नसतात, त्यांना कँडलची भोकं काय अडवणार? आरओच्या मेंब्रेनवर, म्हणजे आतल्या पडद्यावर, अत्यंत दाट असा एक थर असतो. दाब दिला की पाणी त्या थरात शिरून पलीकडे जातं, आयनांना मात्र तिथे शिरणंच फार अवघड जातं. हा थर जितका पातळ, तितकं पाणी जास्त. आरओचा सगळा इतिहास हा थर पातळ करण्याचा आहे.

सेल्युलोज ॲसिटेटची फिल्म मीठ अडवते, हे फ्लोरिडा विद्यापीठात रीड आणि ब्रेटन यांनी १९५०च्या दशकात दाखवलं होतं. पण पूर्ण फिल्मच दाट असल्यामुळे तिच्यातून पाणी थेंबाथेंबानं येई. वाट काढली ती लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी. त्यांनी पेटंटचा अर्ज १९६०मध्ये केला आणि ते १९६४मध्ये मिळालं. त्यांची कृती एखाद्या पाककृतीसारखी आहे: वजनानं २२.२ टक्के सेल्युलोज ॲसिटेट, ६६.७ टक्के ॲसिटोन, १० टक्के पाणी आणि १.१ टक्का मॅग्नेशियम परक्लोरेट. हे मिश्रण शून्याखालच्या तापमानाला काचेवर पातळ पसरायचं, वरच्या बाजूचं ॲसिटोन थोडा वेळ उडू द्यायचं, मग काच बर्फाच्या पाण्यात बुडवायची आणि शेवटी फिल्म सुमारे ७५ ते ८० अंशांच्या गरम पाण्यातून काढायची. तापलेल्या दुधावर साय धरते तशी हवेकडच्या बाजूला दाट साय धरते आणि तिच्याखाली स्पंजासारखा सच्छिद्र भाग राहतो. म्हणजे एकाच फिल्मच्या दोन बाजू दोन स्वभावांच्या. खारं पाणी सायीच्या बाजूनंच सोडावं लागतं. उलट लावली तर तीच फिल्म नीट काम देत नाही.

आज घरोघरी असतं ते मेंब्रेन वेगळं. ते अमेरिकेतल्या जॉन कॅडॉट यांचं, पेटंट १९८१चं. सच्छिद्र पॉलिसल्फोनचा पडदा आधी मेटा-फेनिलीन डायअमाइनच्या पाण्यातल्या सुमारे २ टक्के द्रावणात भिजवायचा, जादा द्रावण निपटायचं आणि मग त्यावर ट्रायमेसॉइल क्लोराइडचं हेक्सेनसारख्या तेलकट द्रवातलं ०.१ टक्का द्रावण घालायचं. पाणी आणि हेक्सेन एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोन्ही रसायनं फक्त त्यांच्या सीमेवर भेटतात आणि काही सेकंदांतच पॉलिअमाइडचा पापुद्रा धरतो. एकदा धरला की तोच पुढची भेट अडवतो, म्हणून तो जाड होऊच शकत नाही. जाडी भरते एका मायक्रॉनच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढी. मीठ अडवण्याचं सगळं काम हा पापुद्रा करतो. खालचं कापड आणि पॉलिसल्फोन नुसता आधार देतात.

असे पडदे जाळीसकट मधल्या नळीभोवती वळकटीसारखे गुंडाळले की आपण हातात घेतो ते मेंब्रेन तयार होतं.

घरच्या आरओचं टीडीएस (लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ४०वरून १६०वर गेलं. पाणी मात्र पूर्वीपेक्षा भरभर येतं. मेंब्रेन आठ महिन्यांपूर्वीच बदललं होतं. पुन्हा बदलायचं का? (लातूर)

तुम्ही टीडीएस आणि वेग दोन्ही लिहिलेत हे फार बरं केलंत. नुसत्या टीडीएसवरून निदान होत नाही.

पाणी कमी आणि टीडीएस जवळपास तेवढंच, म्हणजे मेंब्रेनवर क्षार किंवा घाण बसली आहे. पाणी जास्त आणि टीडीएसही जास्त, म्हणजे पापुद्रा रासायनिकरीत्या खराब झाला असावा, आणि घरात याचं नेहमीचं कारण क्लोरीन. वेग तोच पण टीडीएस एकदम चढलं, तर आधी ओ-रिंग (जोडावरची गळती रोखणारी रबरी कडी) बघा.

पण त्याही आधी एक तपासणी. बऱ्याच आरओमध्ये ‘टीडीएस कंट्रोलर’ नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो, तो मूळ पाणी थोडं परत मिसळतो. तो जास्त उघडला गेला असेल तरी तुमच्याकडची दोन्ही लक्षणं दिसतील. म्हणून मेंब्रेनच्या हाउसिंगमधून (मेंब्रेन ज्या नळकांड्यात बसतं त्यातून) शुद्ध पाणी बाहेर येतं तिथली, मिसळण्याच्या आधीची नळी काढा. मशीन दहा मिनिटं चालू द्या आणि मग मोजा. पहिलं पाणी घेऊ नका; मशीन बंद असताना क्षार हळूहळू पलीकडे झिरपलेले असतात, त्यामुळे सकाळचा पहिला ग्लास नेहमीच वाईट आकडा दाखवतो. आता येणाऱ्या पाण्याचं टीडीएस ८०० आणि या नळीचं ४८ आलं, तर ७५२ भागिले ८००, म्हणजे ९४ टक्के क्षार अडले. मेंब्रेन ठणठणीत आहे, व्हॉल्व्ह फिरवा. ८५ टक्क्यांच्या खाली आलं, तर हाउसिंग उघडा.

शुद्ध पाण्याच्या टोकाला दोन छोट्या ओ-रिंग असतात. त्या पिळलेल्या किंवा चिरलेल्या नाहीत ना ते पाहा. दुसऱ्या टोकाची रबरी कड येणाऱ्या पाण्याकडे असायला हवी, नाहीतर पाणी मेंब्रेनच्या बाहेरूनच निसटतं. रिंगांना व्हॅसलिन किंवा तेल लावू नका, ग्लिसरीन चालतं.

रिंग ठीक निघाल्या तर मग क्लोरीन. पॉलिअमाइडमधल्या नायट्रोजनवर क्लोरीन जाऊन बसतो आणि पापुद्र्याची वीण सैल होते. लिटरला १ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असलेलं पाणी २०० ते १,००० तास लागलं की मेंब्रेन गेलंच समजा; पाण्यात लोह असेल तर त्याहून लवकर. त्याला वाचवण्याचं काम कार्बनच्या फिल्टरचं. ग्रामपंचायतीचे कर्मचारी नळाचं पाणी तपासायला वापरतात तीच ओटी टेस्ट (क्लोरीन असेल तर पाणी पिवळं करणाऱ्या ऑर्थोटोलिडिनची चाचणी) इथे करा. कार्बननंतरचं आणि मेंब्रेनच्या आधीचं पाणी घेऊन ओटीचे थेंब टाका. किंचितही पिवळं झालं तर कार्बन संपला आहे. तो तसाच ठेवून नवं मेंब्रेन घातलंत तर आठ महिन्यांनी पुन्हा हेच. सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडरनं धुतात त्या दिवशी, टाकी खळखळून निघेपर्यंत आरओची तोटी बंद ठेवा.

गावच्या आरओ प्लांटमधून तासाला १,००० लिटर येत होतं, दीड वर्षात ६००वर आलं. प्रेशर वाढवून घेतलं तर चालेल का? (जालना जिल्हा)

नाही, कृपा करून वाढवू नका. आधीच क्षार बसले असतील तर जास्त दाबानं पृष्ठभागावर पाणी आणखी घट्ट होतं आणि क्षार आणखी बसतात. आज शंभर लिटर वाढलेले दिसतील आणि दोन महिन्यांत मेंब्रेन बदलायची वेळ येईल.

पहिली गोष्ट पाण्याचं तापमान. पाणी एक अंश गार झालं की उत्पादन सुमारे ३ टक्के घटतं. बोअरचं पाणी उन्हाळ्यात टाकीत तापून ३० अंश आणि थंडीत १८ असेल, तर जवळजवळ तिसरा हिस्सा नुसत्या थंडीनं कमी होतो. तुमचे १,००० आणि ६०० कोणत्या महिन्यांतले आहेत ते बघा.

दुसरी, कार्ट्रिजच्या (मेंब्रेनच्या आधी गाळ अडवणाऱ्या फिल्टरच्या) आधीचा आणि नंतरचा प्रेशर गेज. फरक १ बारच्या आसपास गेला असेल तर ५ मायक्रॉनची कार्ट्रिज बदला. तिसरी, अँटिस्केलंटची, म्हणजे क्षार बसू न देणाऱ्या रसायनाची, टाकी. ती भरलेली असून पातळी आठवडाभर हललीच नसेल, तर डोसिंग पंपात हवा अडकली आहे. अशी बिघाडं कुणाच्या लक्षातच येत नाहीत, कारण पाणी येतच असतं. रोज टाकीवर खडूनं रेघ मारणं एवढा उपाय पुरतो.

एवढं करूनही पाणी कमीच असेल तर मेंब्रेन धुवावं लागेल. उत्पादन १० ते १५ टक्के घटलं तेव्हाच धुतलं असतं तर सोपं गेलं असतं. ४० टक्क्यांवर सगळं परत येईलच असं नाही. आधी काय बसलं आहे ते ओळखा. शेवटचं मेंब्रेन बाहेर काढा. ते जड लागलं आणि टोकाला पांढरं खरखरीत असेल, तर थोडं खरवडून त्यावर लिंबू पिळा. फसफसलं तर चुन्याचे क्षार, ॲसिडनं निघतील. फसफसलं नाही तर सल्फेट किंवा सिलिका असू शकते, आणि ते काढणं कठीण. उलट पहिलं मेंब्रेन बुळबुळीत आणि वास मारणारं असेल तर जिवाणूंचा थर आहे. तिथे आधी कॉस्टिक सोड्याचं ०.१ टक्का द्रावण आणि नंतर ॲसिड, हा क्रम. जिवाणूंवर आधी ॲसिड गेलं तर तो थर घट्ट बसू शकतो.

चुन्यासाठी: आरओचंच शुद्ध पाणी २०० लिटर घ्या, त्यात ४ किलो सायट्रिक ॲसिड विरघळवा. पाणी ३० ते ३५ अंश असू द्या. चार इंची व्हेसलमधून (मेंब्रेन बसवलेल्या नळकांड्यातून) मिनिटाला ३० ते ३८ लिटर वेगानं, ४ बारच्या आत, पाणी नेहमीच्याच दिशेनं फिरवा. सुरुवातीला परत येणारं मळकट पाणी सोडून द्या. अर्धा तास फिरवा, तासभर भिजू द्या, पुन्हा अर्धा तास फिरवा. मधे पीएच तपासत राहा. तो ०.५नं चढला तर क्षारांनी ॲसिड खाल्लं आहे, आणखी घाला. शेवटी शुद्ध पाण्यानं धुवा, आणि प्लांट सुरू केल्यावर पहिला अर्धा तास येणारं पाणी कुणाला देऊ नका. हातमोजे आणि चष्मा लागतोच. हार्डवेअरच्या दुकानातलं ॲसिड अंदाजानं ओतू नका आणि ब्लीचिंगनं तर मेंब्रेन कधीच धुऊ नका.

प्लांट दोन दिवसांपेक्षा जास्त बंद राहणार असेल, तर मेंब्रेन सोडियम मेटाबायसल्फाइटच्या १ टक्का द्रावणात, म्हणजे १०० लिटरला १ किलो, भरून ठेवा. एकदा वाळलं की त्यातून पाणी पूर्वीसारखं येत नाही. आणि टाकाऊ पाणी बोअरजवळ सोडू नका. तेच क्षार झिरपून पुन्हा वर येतात.

टाकाऊ पाणी खूप जातं म्हणून मेकॅनिकनं एफआर (फ्लो रिस्ट्रिक्टर, टाकाऊ पाण्याचा वेग ठरवणारा भाग) बदलून दिला. बरोबर केलं का? (पुणे)

हिशेब करून पाहा. ७५ जीपीडीचं (दिवसाला ७५ गॅलन पाणी देणारं) मेंब्रेन मिनिटाला साधारण २०० मिलिलिटर शुद्ध पाणी देतं. एफआर ४५०चा, म्हणजे मिनिटाला ४५० मिलिलिटर टाकाऊ पाणी सोडणारा, असेल तर ६५०पैकी २००, म्हणजे ३० टक्के पाणी मिळालं. मूळ टीडीएस ६०० असेल तर टाकाऊ पाण्याचं सुमारे ८५० होतं. एफआर २००चा लावला की निम्मं पाणी मिळतं, पण टाकाऊ पाणी ११६०वर जातं आणि मेंब्रेनवरून वाहणारा झोत निम्म्याहून कमी होतो. मऊ पाणी असेल तर हे चालून जातं. बोअरच्या जड पाण्यात क्षार झपाट्यानं धरतात. त्यापेक्षा ते ८५०चं पाणी बादलीत धरा. फरशी, भांड्यांचं पहिलं पाणी, संडास, सगळ्याला चालतं. कुंड्यांना मात्र रोज नको. मातीत क्षार साठतात.

महापालिकेचं पाणी, टीडीएस १८०. आरओ घ्यावा का? (ठाणे)

टीडीएससाठी नको. भारतीय मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० आहे. कार्बन आणि यूव्ही पुरे. टीडीएस मीटर फक्त वीज किती वाहते ते मोजतो. जिवाणू, कीटकनाशकं त्याला दिसत नाहीत. तसंच बोअरच्या पाण्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट आहे का, हे प्रयोगशाळेतच कळतं, फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर टीडीएस कमी असूनही आरओ लागू शकतो.

मी आरओ दुरुस्ती करतो. टाकाऊ पाणी साठवून फ्लशच्या टाकीला देणारी जोडणी केली आहे. पेटंट मिळेल का? पुढे नोकरी धरली तर हक्क कुणाचा? (नाशिक)

टाकी, फ्लोट आणि नळी आपापलं ठरलेलं काम करत असतील, तर कठीण आहे. पेटंट कायद्याच्या कलम ३(एफ)नुसार माहितीतल्या वस्तूंची नुसती नवी मांडणी हा शोध ठरत नाही. येणाऱ्या पाण्याचं टीडीएस ओळखून आपोआप कमी-जास्त होणारा एफआर केलात आणि त्यानं मेंब्रेन किती टिकतं हे मोजून दाखवलंत, तर गोष्ट वेगळी. आधी पेटंट कार्यालयाच्या ‘इनपास’ या मोफत संकेतस्थळावर शोधा. महाराष्ट्रासाठी कार्यालय मुंबईचं. ऑनलाइन अर्जाची मूळ फी व्यक्तीला १,६०० रुपये आहे. तात्पुरत्या अर्जानंतर १२ महिन्यांत पूर्ण अर्ज द्यावा लागतो आणि ३१ महिन्यांच्या आत परीक्षणाची मागणी करावी लागते, तिची फी वेगळी.

हक्काचं म्हणाल तर कॅडॉट यांचंच उदाहरण घ्या. अमेरिकी सरकारच्या पैशावर चाललेल्या कामात तो शोध लागला होता. कॅडॉट नंतर ज्या कंपनीत होते तिनं त्याच पेटंटवर दुसऱ्यांवर दावा लावला, आणि १९९२मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयानं निकाल दिला की मुळात मालकी सरकारची होती. म्हणून नेमणूकपत्रातलं शोधांबद्दलचं कलम सही करण्याआधी वाचा आणि आजवरचं काम तारखांसह वहीत लिहून ठेवा. अर्जाची पोच हातात येईपर्यंत जोडणीचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर टाकू नका. शोध एकदा जगजाहीर झाला की त्याचं नवेपण कायद्यानं संपू शकतं.