अतिनवतारा : 'नव' कोणासाठी आणि 'अति' कशामुळे?

साकोली तालुक्यातील एका गावात विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकमित्रांनी दोन प्रश्न कळवले आहेत. सुपरनोव्हा म्हणजे ताऱ्याचा अखेरचा स्फोट, असे वर्गात सांगून त्यांनी फळ्यावर 'अतिनवतारा' हा शब्द लिहिला, तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले, ''सर, ज्याची तेरवी कराची, त्याचं बारसं कायले?'' हा पहिला प्रश्न. दुसरा त्यांचा स्वतःचा आहे : अतिनवताऱ्यांचे प्रकार १अ, १ब आणि १क ही एकाच कुळातली भावंडे आहेत, असे उत्तर एका विद्यार्थ्याने लिहिले, त्याला गुण द्यावेत का?

मुलीचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण तिने शब्दाच्या नेमक्या सांध्यावर बोट ठेवले आहे. 'नव' हे विशेषण ताऱ्याच्या वयाचे नाही, ते पाहणाऱ्याच्या अनुभवाचे आहे. १५७२ च्या नोव्हेंबरात शर्मिष्ठा तारकासमूहात जिथे काहीच दिसत नव्हते तिथे शुक्रासारखा ठळक तारा झळकू लागला आणि डेन्मार्कचा खगोलनिरीक्षक टायको ब्राहे याने त्याला लॅटिनमध्ये 'नोव्हा स्टेला', म्हणजे नवा तारा, म्हटले. तो ताऱ्याचा शेवट आहे हे कळायला पुढे साडेतीनशेहून अधिक वर्षे लागली, तोवर नाव रुळून गेले होते. चिनी निरीक्षकांचा शब्द मला अधिक सावध वाटतो. १०५४ मध्ये वृषभ राशीत जो तारा तीन आठवडे भरदिवसा दिसत होता आणि ज्याचा उरलेला पसारा आज खेकडा तेजोमेघ म्हणून ओळखला जातो, त्याला त्यांनी 'पाहुणा तारा' असे नोंदवून ठेवले. पाहुणा आला आणि गेला, एवढेच त्या शब्दात आहे. तो जन्मला की मेला, याविषयी शब्द काही बोलत नाही.

आता 'अति'. या उपसर्गाची जन्मकथा दीर्घिकांच्या, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या प्रचंड समूहांच्या, ज्ञानाशी जोडलेली आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. देवयानी तारकासमूहातील धूसर पट्ट्यात १८८५ मध्ये एक नवतारा दिसला होता. १९२० मध्ये अमेरिकेत शॅप्ली आणि कर्टिस या दोन खगोलशास्त्रज्ञांचा जाहीर वाद झाला, तेव्हा हा तारा पुराव्यादाखल पुढे आला : देवयानीचा तो पट्टा आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका असेल, तर इतक्या दुरून दिसणारा तो तारा अशक्य वाटावा इतका तेजस्वी मानावा लागेल, असा शॅप्लीचा आक्षेप होता. पुढे चारच वर्षांत खगोलशास्त्रज्ञ हबल याने रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्यांच्या साहाय्याने त्या पट्ट्याचे अंतर काढले आणि तो खरोखरच आकाशगंगेच्या कितीतरी पलीकडे असल्याचे दाखवले. आज ते अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानतात. म्हणजे जे अशक्य म्हटले होते, तेच खरे निघाले. १८८५ चा तो तारा साध्या नवताऱ्याच्या हजारो पट तेजाचा होता आणि त्याच्यासाठी वेगळा शब्द हवा होता. वाल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३० नंतरच्या वर्षांत 'सुपरनोव्हा' हा शब्द रूढ केला.

यातून मराठी शब्दाचा विग्रहही स्पष्ट होतो. 'अति' येथे 'नव'ला लागलेला नाही, 'नवतारा' या संपूर्ण शब्दाला लागला आहे; अतिशय नवा तारा असा त्याचा अर्थ नाही, नवताऱ्याच्या पलीकडचा तारा असा आहे. म्हणून 'अति नवतारा' असे तोडून लिहू नये. काहीजण 'महानवतारा' लिहितात आणि अर्थाच्या दृष्टीने तो शब्द मला अधिक स्वच्छ वाटतो, परंतु 'अतिनवतारा' आता पुष्कळ वाचनात असल्यामुळे वर्गात तोच ठेवावा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे की ती भावंडे नाहीत. मात्र नाव पाहून कोणीही फसावे, इतकी ती नावे फसवी आहेत. रुडॉल्फ मिन्कोव्स्की याने १९४१ मध्ये केवळ वर्णपट, म्हणजे प्रकाशाचा रंगांत उलगडलेला पट्टा, पाहून विभागणी केली : ज्यात हायड्रोजनच्या रेषा नाहीत तो प्रकार १, आहेत तो प्रकार २. स्फोटाचे कारण तेव्हा त्यात धरलेले नव्हते. कारण पाहिले तर रचना अगदी निराळी दिसते, आणि धानाच्या मुलखात ती समजावणे सोपे आहे. सूर्याच्या सुमारे आठपटींहून जड ताऱ्याचा गाभा कोसळतो, तेव्हा हायड्रोजनचे टरफल अंगावर असेल तर तो प्रकार २, म्हणजे धान. टरफल आधीच निघून गेले असेल तर १ब, म्हणजे हातसडीचा तांदूळ. हीलियमचा कोंडाही उरला नसेल तर १क, म्हणजे पॉलिशचा तांदूळ. या तिघांचे बियाणे एकच. १अ मात्र गहू आहे : तेथे श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला दाट गाभा, जोडीदाराकडून वस्तुमान घेत किंवा दुसऱ्या श्वेत बटूत मिसळत पेट घेतो आणि सबंध उधळला जातो, सूर्याच्या १.४ पट वस्तुमान ही जी मर्यादा खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखरांनी गणिताने दाखवली, ती याच श्वेत बटूंची. ज्याने टरफल नसलेले दाणे एकत्र केले, त्याने गहू आणि तांदूळ एका राशीत घातले व धान दुसरीकडे ठेवले, असे हे झाले आहे. विद्यार्थ्याने नावावरून तर्क नीट केला आहे; अर्धे गुण मी निश्चित देईन.

हा भेद शब्दांपुरता नाही, कारण दीर्घिकांचा इतिहास त्यावरूनच वाचतात. (दीर्घिका म्हणजे मुळात लांबट तळे, भंडाऱ्याच्या तलाव-बोड्यांच्या प्रदेशात हा शब्द परका वाटू नये. 'आकाशगंगा' हे आपल्या एका दीर्घिकेचे नाव आहे, ते सर्वांना लावू नये.) जड तारे तीसेक लाख ते काही कोटी वर्षांतच संपतात, जन्मस्थानापासून दूर जायला त्यांना सवड मिळत नाही, म्हणून गाभा कोसळणारे स्फोट जिथे दिसतात, तिथे ताऱ्यांची निर्मिती अजून चालू आहे असे समजावे. सर्पिल दीर्घिकांच्या फाट्यांत ते आढळतात, म्हाताऱ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांत जवळजवळ नाहीत. १अ दोन्हीकडे दिसतात, कारण श्वेत बटू अब्जावधी वर्षे वाट पाहू शकतो. ऑक्सिजन मुख्यतः गाभा कोसळणाऱ्या स्फोटांतून लवकर मिळतो, लोखंडाचा मोठा वाटा १अ मधून उशिरा येतो. एखाद्या दीर्घिकेतील ताऱ्यांत लोखंडाच्या मानाने ऑक्सिजन अधिक असेल, तर तिचे तारे घाईने, थोड्या काळात घडले असा निष्कर्ष निघतो. शिवाय १अ चे कमाल तेज दुरुस्तीनंतर बरेचसे सारखे भरते, म्हणून ते अंतरमापनाला चालतात. १९९८ मध्ये विश्वाचे प्रसरण वेगावत असल्याचे त्यांच्यावरूनच कळले आणि त्या शोधाला २०११ चे नोबेल मिळाले.

त्या मुलीला हिवाळ्याच्या संध्याकाळी आर्द्रेचा तांबूस तारा दाखवावा. पावसाच्या नक्षत्रांमुळे मृगानंतरची आर्द्रा तिच्या घरी सर्वांना ठाऊक असेलच. तिचा ठळक तारा, म्हणजे काक्षी, हा पाच-सातशे प्रकाशवर्षांवरचा अतिविशाल तारा आहे आणि पुढील लाखभर वर्षांत केव्हातरी त्याचा गाभा कोसळेल. तो आपण आजही रोज पाहतो, म्हणजे तेव्हा पाहणाऱ्यालासुद्धा तो 'नवा' नसेल. तरीही त्याला अतिनवताराच म्हणतील, कारण हा शब्द आता यौगिक, म्हणजे घटकांवरून अर्थ लागणारा, उरलेला नाही, रूढ झाला आहे.