जंगल नुसतं कव्हरवरच

प्रश्न : ताई, सगळीकडे गाजतंय म्हणून एक टीनएज थ्रिलर घेतलं. सहा मुलं ट्रेकला जातात, दरड कोसळून वाट बंद होते, बरोबरचे सर गायब आणि मग एकेकाला धमकीच्या चिठ्ठ्या यायला लागतात. सुरुवात भारी होती पण मला तिसऱ्या चॅप्टरलाच कळलं की हे सरच करतायत, आणि शेवटी तेच निघालं. मैत्रिणी म्हणतात तू उगाच डोकं लावतेस. दुसरा भाग पण आलाय, घेऊ का? – अकरावीतली वाचक

उत्तर : अगं, डोकं लावायलाच तर थ्रिलर वाचतात! पण सर आधी कळले हा मोठा प्रॉब्लेम नाहीच, व्हिलन माहीत असूनही पुस्तक खाली ठेववत नाही असं होतं की. तू एवढी सगळी स्टोरी सांगितलीस आणि त्यात जंगल कुठेच आलं नाही बघ. मीही वाचलं, तिथेही नाहीये. चार दिवस अडकलेली पोरं पाणी कुठून पितात ते एकदाही येत नाही, रात्रभर पावसात भिजतात आणि सकाळी उठून एकमेकांना लांबलचक, मुद्देसूद डायलॉग मारतात!

भिजलेल्या अंगाला वारा लागला ना की बर्फबिर्फ लागत नाही, आठ-दहा डिग्रीतही शरीराचं तापमान 35 च्या खाली जाऊ शकतं. मग बोटं ऐकत नाहीत, जॅकेटची चेन लावता येत नाही, जीभ जड होते आणि आपलं डोकं चालत नाहीये हे त्या माणसाला स्वतःला कळतही नाही. पुस्तकात गोष्ट सांगणाऱ्या मुलीबद्दल आपल्या मनात संशय यावा असं लेखिकेला हवं होतं, त्यासाठी तिच्या मागे जुना अपघात काय, गोळ्या काय, काय काय लावून दिलंय, आणि हे आयतं समोर होतं ते वापरलंच नाही.

बिस्किटं वाटतानाचा सीन मात्र मानला, वाटणारा स्वतःला किती घेतो याकडे सगळे टक लावून बघतायत. दोनच पानं, पण जबरदस्त. लगेच पुढची चिठ्ठी येते आणि संपलं.

1971 मध्ये पेरूच्या जंगलात विमान पडलं त्यातून 17 वर्षांची युलियाने कोपके एकटी वाचली आणि 11 दिवस जंगलात काढून माणसांपर्यंत पोचली, तिचं वाच कधीतरी. चष्मा हरवलेला, पायात एकच सँडल, म्हणून सँडलवाला पाय पुढे टाकून आधी जमीन चाचपायची, साप असला तर कळावं म्हणून. ओहोळ धरून गेलं की माणसं सापडतात हे वडिलांकडून शिकलेली, तेवढ्यावर चालत राहिली. त्यात ना व्हिलन ना चिठ्ठी, तरी प्रत्येक पावलाला आपला जीव वरखाली होतो.

दुसरा भाग विकत नको घेऊस. लायब्ररीत मिळाला तर पहिली 40-50 पानं चाळ, तोवर कुणी पाणी शोधायला निघालं नाही तर सरळ परत करून टाक.