रात्री दोनची मोटर

विश्रामबाग, सांगली

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या बातम्या काल रात्री बसून वाचल्या. एक औषधाची, एक नॅनोची, एक संगणकानं घडवलेल्या प्रथिनांची आणि एक शेतीच्या सौरविजेची. खाली तुझा एवढाच प्रश्न, "सर, पुढच्या अभ्यासाला यातलं कुठलं घेऊ?" फोनवर दोन मिनिटांत उत्तर देऊन टाकावं असा हा प्रश्न नाही. म्हणून कागद घेतला.

आधी एक घरातली गोष्ट सांगतो. वर्गात ती कधी सांगितली नव्हती.

आमच्या गावाकडं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी असायची. तुझ्याही घरी हे माहीत आहे. रात्रीच्या आठवड्यात माझा धाकटा चुलतभाऊ दोन वाजता बॅटरी आणि खोरं घेऊन उसाला दारं धरायला गेला. पाचटात घोणस होती. पायाला चावली. मोटरसायकलवर दोघांच्या मधे धरून त्याला जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथं सर्पविषावरची लस नव्हती. मिरजेला पोचेपर्यंत उजाडलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी त्याचं थोडं रक्त काचेच्या कोरड्या परीक्षानळीत घेतलं, नळी टेबलावर उभी ठेवली आणि सांगितलं, "वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही." वीस मिनिटांनी त्यांनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नव्हतं. मग लस सुरू झाली. मूत्रपिंडं बसली होती, त्यामुळं पुढं कित्येक दिवस डायलिसिस चाललं. माणूस वाचला.

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला त्या नळीनं जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. नळी काचेचीच का? काचेच्या पृष्ठभागाला लागल्यावर रक्तातली गोठण्याची साखळी सुरू होते. प्लास्टिकमध्ये ती नीट सुरू होत नाही, आणि साबणाच्या पावडरीनं धुतलेल्या काचेतही गडबड होते. म्हणजे नळी चुकीची असली तर चांगलं रक्तसुद्धा न गोठलेलं दिसेल आणि विष नसलेल्या माणसाला घोड्याच्या रक्तातली लस टोचली जाईल. तिची रिॲक्शन जिवावर बेतू शकते. प्रयोगशाळेत नळ्या धुताना मी तुमच्यावर ओरडायचो ते आठवत असेल. त्यामागं हा टेबल होता.

आता तुझी प्रथिनांची बातमी घे. डेव्हिड बेकर वॉशिंग्टन विद्यापीठात आहेत, 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. त्यांच्या गटानं डेन्मार्कच्या संशोधकांबरोबर निसर्गात कुठंच नसलेली छोटी प्रथिनं संगणकावर आखली. नागाच्या कुळातल्या सापांच्या विषात तीन बोटांच्या आकाराची विषारी प्रथिनं असतात. नसेकडून स्नायूला निरोप जिथं मिळतो त्या कुलपात ही बोटं जाऊन बसतात आणि श्वासाचे स्नायू बंद पडतात. आखलेली प्रथिनं त्या बोटांनाच मिठी मारतात. जानेवारी 2025 मध्ये हे छापून आलं. त्याआधी, 2024 मध्ये, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या प्रयोगशाळेनं अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेबरोबर याच बोटांना पकडणारं मानवी धाटणीचं प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, तयार केलं होतं. त्यात घोडा नाही, म्हणून घोड्याच्या प्रथिनांची रिॲक्शनही नाही.

वाचून मला किती आनंद झाला म्हणून सांगू! सर्पदंशाची लस घोड्याला विष टोचून करायची ही मूळ पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची, आणि आपण अजून तिच्यावरच आहोत. 2000 ते 2019 या काळाच्या अभ्यासात भारतात दरवर्षी सरासरी 58,000 माणसं सर्पदंशानं गेल्याचा अंदाज निघाला. त्यातली बहुतेक खेड्यातली. मार्च 2024 मध्ये केंद्रानं यासाठी कृती आराखडा काढला. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असं त्यात ठरलं आहे.

पण आनंद झाल्यावर लगेच मी तुला जे विचारलं असतं ते स्वतःला विचारलं. कुठला साप? कुणावर प्रयोग? दोन्हीकडं उंदरांवर. दोन्हीकडं नाग, मण्यार यांच्या कुळातलं, नसांवर काम करणारं विष. घोणस आणि फुरसं यांचं विष वेगळं, ते रक्ताच्या गोठण्यावर जातं. माझ्या भावाला या दोन्ही शोधांचा त्या रात्री काही उपयोग झाला नसता. शोध यानं लहान होत नाही, फक्त त्याची हद्द कळते. आणि हद्द कळली की पुढचा प्रश्न आपोआप समोर येतो. आपल्या लशीसाठी लागणारं बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणं बदलतं, हे सुनगर यांच्याच प्रयोगशाळेनं दाखवलं आहे. मग आपल्या वाळवा-शिराळ्याच्या घोणशीचं काय? ज्या तालुक्यात नागपंचमीला नागाला घरचा मानलं जातं, तिथल्या मुलीनं हा प्रश्न विचारायचा नाही तर कुणी?

नॅनोची बातमी मात्र मी चष्मा पुसून वाचली. कारण आमच्या भावकीत बांधावर नॅनो युरियाची बाटली येऊन गेली आहे.

हिशेब तू कर, मी फक्त आकडे देतो. युरियाचं पोतं 45 किलोचं, त्यात 46 टक्के नत्र. म्हणजे जवळजवळ 20 किलो 700 ग्रॅम. ती बाटली 500 मिलीची होती, त्यात 4 टक्के नत्र. म्हणजे 20 ग्रॅम. एका बाटलीनं एका पोत्याची जागा घ्यायची, असा दावा होता. पानावर फवारलेलं नत्र वाया कमी जातं, हे मान्य. पण पोत्यातलं निम्म्याहून जास्त वाया गेलं असं धरलं तरी पिकाला किलोंमध्ये मिळतं, आणि बाटलीतलं सगळंच्या सगळं लागलं तरी 20 ग्रॅम. कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2023 मध्ये अशाच प्रकारचे आक्षेप नोंदवले. पंजाब कृषी विद्यापीठानं दोन वर्षं शेतात लावून पाहिलं तेव्हा शिफारशीच्या नत्रापेक्षा गव्हाचं उत्पन्न 21.6 टक्क्यांनी आणि भाताचं 13 टक्क्यांनी कमी भरलं. बारावीची मुलगी पाच मिनिटांत मांडेल असा हिशेब. तो आधी मांडला असता, तर बाटली घेणाऱ्या कितीतरी शेतकऱ्यांनी दुकानातच चार प्रश्न विचारले असते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण शेतकऱ्याचा एक हंगाम म्हणजे त्याचं एक वर्ष असतं.

म्हणून "नॅनो म्हणजे थोतांड" असं मात्र म्हणू नकोस. त्याच शब्दाचं दुसरं रूप तुझ्या औषधाच्या बातमीत बघ. फिलाडेल्फियात एक बाळ जन्मलं, ज्याच्या यकृताचं काम जनुकातल्या चुकीमुळं अडलं होतं आणि रक्तात अमोनिया साठत होता. तिथल्या मुलांच्या रुग्णालयानं आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठानं त्या एका बाळासाठी, त्याच्या त्या एका चुकीसाठी, साधारण सहा महिन्यांत जनुकदुरुस्तीचं औषध बनवलं आणि 2025 च्या फेब्रुवारीत पहिला डोस दिला. ते औषध यकृतापर्यंत नेलं स्निग्ध पदार्थांच्या नॅनोकणांनी. करोनाच्या एमआरएनए लशीही याच जातीच्या कणांतून गेल्या होत्या. इथं लहानपणाला काम आहे, पेशीच्या आत शिरायचं आहे. बाटलीवरचा 'नॅनो' आणि हा 'नॅनो' यांत फरक कुठला, ते शोधणं हाच तुझा अभ्यास.

आता वीज. तुझ्या मैत्रिणींना हा विषय रुक्ष वाटतो म्हणालीस. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर वर चढवायला किती ऊर्जा लागते? वस्तुमान, गुरुत्व, उंची. 9 लाख 80 हजार ज्यूल, म्हणजे पाव युनिटाहून थोडी जास्त. पंप आणि मोटर मिळून निम्मी वाया घालवत असतील तर अर्ध्या युनिटाच्या वर. आता म्हैसाळ, टेंभू, ताकारी या उपसा सिंचन योजना डोळ्यांपुढं आण. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या माळावर न्यायचं. दुष्काळी भागातला एकेक द्राक्षाचा घड या गुणाकारावर उभा आहे. शेजारी कोयनेची 1,960 मेगावॅट जलवीज आणि साताऱ्याच्या वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या. ऊर्जाधोरण शिकायला दिल्लीला जावं लागत नाही, सांगली-सातारा भागात एसटीनं फिरलं तरी ते दिसतं. आणि गंमत म्हणजे इतक्या विजेच्या हिशेबात मीटर नसलेल्या शेतीपंपांचा वापर अजून अंदाजानंच धरतात. ज्यावर सबसिडी ठरते तेच मोजलेलं नाही.

राज्यानं 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, 2023 मध्ये तिची दुसरी आवृत्ती. गावाजवळ सौरप्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या लाईनला, दिवसा वीज द्यायची. धोरणाच्या कागदावर याचा फायदा रुपयांत आणि युनिटांत लिहितात. माझ्या मनात मात्र ही बातमी वाचताना दोनची मोटर सुरू झाली. दिवसा लाईट असती तर भाऊ त्या पाचटात गेला नसता.

तर हा प्रश्न घे. ज्या गावांचा फीडर सौरविजेवर, दिवसाच्या वेळेवर गेला, तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रजिस्टरमध्ये रात्रीच्या सर्पदंशांच्या नोंदी त्याआधी किती होत्या, नंतर किती? शेजारच्या, फीडर न बदललेल्या गावांत त्याच महिन्यांत किती? पाऊस दोन्हीकडं सारखा होता का, कारण दंश पावसाळ्यात वाढतात? घरात झोपेत चावणारी मण्यार यातून वेगळी काढावी लागेल, तिला मोटरीच्या वेळेशी देणंघेणं नाही. मला सांग, हा प्रश्न वैद्यकाचा, जीवशास्त्राचा की ऊर्जाधोरणाचा? तू मला चारातलं एक निवडायला सांगितलं होतंस. मी म्हणतो, आधी प्रश्न निवड. विषय तोच बोलावून आणेल, आणि जो बोलावेल तो रात्र रात्र बसून शिकावा लागेल. त्यात सूट नाही. संख्याशास्त्र तुझं कच्चं आहे, हे तुला आणि मला दोघांनाही माहीत आहे. ते या वर्षी पक्कं कर.

बातमीवर थांबू नकोस, मूळ निबंध काढून वाच. सारांश शेवटी वाच, आधी पद्धतीचा भाग. तिथंच कळतं की नळी काचेची होती की प्लास्टिकची. पैसे लागतात ही सबब आता पुष्कळशी गेली आहे. 2025 पासून 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेत केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षणसंस्थांना 30 प्रकाशकांची जवळपास 13,000 नियतकालिकं खुली झाली. ग्रंथपालांना भेट, लॉगिन माग. लाजू नकोस, ते तुझ्यासाठीच आहे.

आणि एक, तुला लहान कॉलेजची खंत वाटते म्हणून. रिचर्ड रॉबसन मेलबर्न विद्यापीठात शिकवायचे. 1974 मध्ये मुलांना रेणू दाखवण्यासाठी लाकडी गोळ्यांचे नमुने करायचं काम त्यांच्याकडं आलं. गोळ्यांना भोकं कुठं पाडायची ते त्यांनी ठरवून वर्कशॉपला दिलं, आणि जोडताना त्यांच्या लक्षात आलं की भोकांच्या जागेतच रेणूची रचना लपली आहे. दरवर्षी ते गोळे वर्गात काढायचे आणि दरवर्षी तो विचार परत यायचा. पुढं कधीतरी त्यांनी तो खऱ्या रेणूंवर करून पाहिला, त्यातून आत पोकळ्या असलेले स्फटिक तयार झाले, 1989 मध्ये ते काम छापलं, आणि 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्या पोकळ्या असलेल्या स्फटिकांना मिळालं. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटातसुद्धा तसले गोळे होते. मी तीस वर्षं ते पुसून ठेवले. हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ गॅलरीत बसून होतो.

दिवाळीला येशील तेव्हा घरच्या मोटरीची नेमप्लेट वहीत उतरवून आण, एचपी, हेड, डिस्चार्ज सगळं. वडिलांना विचारून गेल्या वर्षातल्या रात्रीच्या पाळ्यांच्या तारखाही लिही, त्यांना त्या आठवतील. आरोग्य केंद्राचं रजिस्टर बघायला परवानगी लागेल. त्या अर्जाचा मसुदा मी करून ठेवतो, तू आलीस की दोघं मिळून नीट करू. चुलतभाऊही त्या दिवसांत इकडंच असतो. त्याला भेट. पायावरची खूण तो स्वतःच दाखवेल.

तुझे
सर