१५ वरून १६ इंच अलॉय: टायर घासू नये म्हणून

स्विफ्टला १८५/६५ आर१५ टायर (रुंदी १८५ मिमी, उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंच) असेल तर १६ इंचासाठी १९५/५५ आर१६ घ्या. जुन्याचा व्यास ६२१.५ मिमी, नव्याचा ६२०.९. म्हणजे स्पीडोमीटरही खरा राहतो. २०५/५५ घेतलात तर व्यास १० मिमीने वाढतो, रुंदीही वाढते, आणि घासणं बहुधा तिथूनच सुरू होतं.

पण खरी गफलत ऑफसेटमध्ये (रिमच्या मध्यरेषेपासून गाडीला टेकणाऱ्या बाजूपर्यंतचं अंतर, मिमीमध्ये) होते. दुकानदार ४×१०० पीसीडी (चार बोल्ट, १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर) जुळलं की "बसतंय" म्हणतो. रिम १ इंच रुंद झाली की आत आणि बाहेर प्रत्येकी १२.७ मिमी सरकते. ऑफसेट १० ने कमी केला की सगळं चाक आणखी १० मिमी बाहेर येतं. मग मागे माणसं बसली की टायर फेंडरच्या कडेला लागतो. उलट ऑफसेट जास्त झाला तर आतून शॉकअपला घासतो. म्हणून ६ जे (६ इंच) रुंदी पुरे, ऑफसेट मूळ रिमच्या जवळचाच ठेवा. स्पेसर (रिमच्या मागे घालायची चकती) लावून जुळवाजुळव नको.

हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचा, व्यास ५४.१ मिमी आहे. रिमचं मधलं भोक त्याहून मोठं असेल तर हब रिंग (मधली फट भरणारी कडी) हवीच, नाहीतर स्टिअरिंग थरथरतं. लोड इंडेक्सही (एक टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) बघा: ८८ म्हणजे ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५. मूळपेक्षा कमी घेऊ नका.

पैसे देण्याआधी एक पुढचं आणि एक मागचं चाक बसवून बघा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, रिव्हर्समध्येसुद्धा. पाच जण बसवून स्पीडब्रेकरवरून सावकाश न्या, मग फेंडरच्या आतल्या प्लॅस्टिक लायनरवर चकाकणारे ओरखडे शोधा.