ट्रम्पेट हळू वाजवण्याचा सराव: सुरुवातीला एवढेच करा

ट्रम्पेट वाजवताना ओठ लवकर थकत असतील, तर रोज दहा मिनिटे अतिशय हळू, म्हणजे अगदी हलक्या आवाजात, वाजवल्याने ही अडचण कमी होऊ शकते. अमेरिकन बँडप्रमुख सूझा यांच्या बँडमधील विख्यात कॉर्नेटवादक (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटसारखेच एक वाद्य) हर्बर्ट क्लार्क यांनी 1912 साली प्रसिद्ध केलेल्या सरावपाठांतही मृदू वादनाचाच आग्रह आहे. जोरात वाजवताना हवेच्या लोटात ओठांचे दोष झाकले जातात. हळू वाजवताना मात्र ओठांना थोड्याशा हवेवर कंप पावावे लागते आणि त्यांच्या कडेच्या स्नायूंना खरे काम मिळते.

स्वरलेखनाच्या पाच रेषांपैकी खालून दुसऱ्या रेषेवरच्या 'जी' स्वरापासून सुरुवात करा. जीभ न लावता केवळ श्वास सोडा. आधी नुसती फुसफुस ऐकू येईल आणि मग सूर उमटेल. ही फुसफुस जसजशी आखूड होईल, तसतशी आपली प्रगती होत आहे असे खुशाल समजा. मग अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली उतरा.

नवशिक्यांकडून हमखास होणाऱ्या चुका अशा:

- हळू वाजवायचे म्हणून श्वासच अपुरा घेणे आणि घसा आवळणे. श्वास नेहमीसारखा पूर्ण घ्या.
- सूर निसटू लागला की माउथपीस ओठांवर दाबणे. ही सर्वांत घातक सवय आहे, कारण दाबामुळे ओठांचा रक्तपुरवठा अडतो. डाव्या हाताची पकड सैल ठेवा.
- विश्रांती टाळणे. जितका वेळ वाजवाल, तितकाच वेळ थांबा.

वरच्या सप्तकाचा विचार तूर्त नको.